आल्फ्रेड बिने : मुलांची बुद्धी मोजणारा माणूस

बुद्ध्यंक हा शब्द आता आपल्या घरांतूनही ऐकू येऊ लागला आहे. शाळेने मुलाला समुपदेशकाकडे पाठविले, तेथे काही कोडी, काही चित्रे, काही प्रश्न झाले आणि पालकांच्या हाती एक कागद पडला. त्यावर एक आकडा. तो पाहून कोणा बापाची छाती फुगते, तर कोणा आईच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. या चाचण्यांचा उगम ज्या गृहस्थांच्या कामात आहे त्यांचे नाव आल्फ्रेड बिने. पण बुद्ध्यंक हा शब्द बिने यांनी स्वतः कधी वापरला नाही. तो त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. मुलाचे सारे भवितव्य एका आकड्यात बसविण्याची कल्पना तर त्यांना अजिबात मान्य नव्हती. हे कसे घडले ते समजण्यासाठी त्यांचे आयुष्य थोडे सविस्तर पाहिले पाहिजे.

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ रोजी नीस या शहरी झाला. हे शहर त्या वेळी सार्डिनियाच्या राज्यात होते, ते फ्रान्सकडे आले १८६० मध्ये. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आईवडील लवकरच विभक्त झाले आणि मुलगा आईपाशी वाढला. वडिलांविषयी एक हकिकत सांगतात. मुलगा भित्रा आहे, त्याची भीती मोडावी म्हणून त्यांनी त्याला एकदा प्रेत दाखविले. भीती मोडली नाहीच, उलट त्या प्रसंगाचे सावट पुढे कित्येक वर्षे मनावर राहिले. मुलाचा स्वभाव धाक दाखवून सरळ करण्याचे असले उपाय आपल्याकडेही काही कमी नाहीत!

पंधरा वर्षांचा असताना आईने त्याला पॅरिसला आणले आणि तेथील एका नामांकित शाळेत घातले. याच काळातील एक प्रसंग बिने यांनी पुढे आपल्या ग्रंथात नोंदविला आहे. शाळेच्या अखेरच्या परीक्षेत तोंडी उत्तर देताना त्यांच्याकडून एका नावाचा घोटाळा झाला. परीक्षक संतापले आणि या मुलाला तत्त्वज्ञानाची बुद्धी कधीही येणार नाही, असा निकाल त्यांनी तेथल्या तेथे दिला. परीक्षा संपली, परीक्षक घरी गेले, आपण काय बोललो हे बहुधा विसरूनही गेले. पण त्यातला तो ‘कधीही’ हा शब्द बिने यांनी तीस वर्षांहून अधिक काळ जपून ठेवला होता, हे वाचताना कळते.

१८७८ साली त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. वैद्यकाचा अभ्यास सुरू केला, तोही सोडला. घरची स्थिती बरी असल्यामुळे पोटाची चिंता नव्हती. मग ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसू लागले आणि मानसशास्त्रावरील मिळतील ती पुस्तके वाचू लागले. या विषयाचे रीतसर शिक्षण त्यांना कोणी दिले नाही. अशा रीतीने तयार झालेल्या विद्वानात एक गुण असतो आणि एक दोष. स्वतः विचार करण्याची सवय लागते हा गुण, आणि चूक दाखविणारा जवळ कोणी नसतो हा दोष. बिने यांना या दोषाची किंमत लवकरच मोजावी लागली.

१८८३ च्या सुमारास ते साल्पेत्रिएर या प्रसिद्ध रुग्णालयात गेले. तेथे डॉ. शार्को यांचा मोठा दबदबा होता. संमोहनाच्या प्रयोगांसाठी साऱ्या युरोपातून लोक तेथे येत. बिने आणि त्यांचे सहकारी फेरे यांनी असा शोध लावला की, संमोहित रुग्णाजवळ लोहचुंबक नेला असता शरीराच्या एका बाजूची क्रिया दुसऱ्या बाजूस जाते, आनंदाचे दुःख होते, प्रेमाचा तिटकारा होतो. हे त्यांनी मोठ्या विश्वासाने प्रसिद्धही केले. बेल्जियममधील देलबफ या प्राध्यापकांना शंका आली. ते स्वतः पाहावयास आले, आणि त्यांना दिसले की हे सारे बोलणे रुग्ण स्त्रीच्या समोरच चालते. चुंबक उघड उघड फिरविला जातो आणि काय व्हावयास पाहिजे हे तिला आधीच ठाऊक असते. देलबफ यांनी परत जाऊन काळजी घेऊन तेच प्रयोग केले आणि चुंबकाची जादू नाहीशी झाली. बिने काही वर्षे भांडले. शेवटी त्यांनी आपला पराभव जाहीरपणे मान्य केला आणि १८९० च्या सुमारास ते रुग्णालय सोडले.

या प्रसंगाकडे चरित्रकार सहसा एक फजिती म्हणून पाहतात. माझ्या मते पुढच्या सर्व कामाचे बीज येथेच आहे. विचारणाऱ्याला जे उत्तर हवे असते ते समोरच्याकडून नकळत काढून घेतले जाते, ही गोष्ट बिने कधी विसरले नाहीत. १९०० साली त्यांनी सूचनेला बळी पडण्याच्या या प्रवृत्तीवर शाळकरी मुलांचे प्रयोग करून एक सबंध ग्रंथच लिहिला.

मधल्या काळात घरात दोन मुली झाल्या होत्या. १८८४ साली त्यांचा विवाह लॉर बाल्बियानी यांच्याशी झाला. सासरे गर्भविज्ञानातील नामांकित शास्त्रज्ञ. मादलेन आणि आलिस या दोन मुलींचे निरीक्षण बिने यांनी ज्या बारकाईने केले तसे त्या काळी फारच थोड्या बापांनी केले असेल. थोरली चालावयास शिकताना आधी पुढचा आधार नीट पाही, तो पक्का आहे अशी खात्री झाल्यावरच हातातला आधार सोडी. धाकटी मात्र पुढे धरावयास काही आहे की नाही हे न पाहताच हसत सुटे. पुढे मुली मोठ्या झाल्यावर बिने यांनी त्यांना शब्द सांगून मनात काय येते ते विचारले, वस्तूंची वर्णने लिहावयास लावली, शाईचे डाग दाखविले. एक मुलगी वस्तू जशी आहे तशी मोजून मापून सांगे, दुसरी त्याच वस्तूवर कल्पनेचे मजले चढवी. १९०३ च्या ग्रंथात हे सारे आले आहे. एका आईबापाची, एका घरात वाढलेली ही दोन मुले. त्यांत हुशार कोण, हा प्रश्नच येथे गैरलागू ठरतो. बिने यांच्या मनावर हे पक्के ठसले की बुद्धी ही वजनकाट्यावर टाकावयाची एकच एक वस्तू नव्हे.

नोकरीच्या बाबतीत त्यांचे नशीब नेहमीच मागे राहिले. १८९१ साली रूआँच्या रेल्वे स्टेशनवर त्यांची सोरबोनच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेचे संचालक बोनी यांच्याशी गाठ पडली. बिने यांनी तेथल्या तेथे प्रयोगशाळेत काम मागितले आणि बिनपगारी म्हणून ते मिळालेही. तीनचार वर्षांत ते स्वतः संचालक झाले. फ्रान्समधील मानसशास्त्राचे पहिले मोठे वार्षिक त्यांनी काढले. १८९४ साली कीटकांच्या मज्जासंस्थेवर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. पाटी न पाहता बुद्धिबळ खेळणारे आणि तोंडी प्रचंड गुणाकार करणारे लोक त्यांनी अभ्यासले. फावल्या वेळात रंगभूमीसाठी थरकाप उडविणारी नाटकेही एका नाटककाराच्या जोडीने लिहिली. पण प्राध्यापकाची खुर्ची त्यांना स्वदेशात कधी मिळाली नाही. १९०२ साली कॉलेज द फ्रान्समधील जागा पिएर जाने यांना गेली.

शाळांकडे ते वळले ते आधी फूटपट्टी घेऊनच. मोठे डोके म्हणजे मोठी बुद्धी, अशी तेव्हाच्या विद्वानांची समजूत होती आणि बिनेही ती घेऊनच शाळांत गेले. शिक्षकांनी हुशार म्हणून निवडलेली मुले आणि मंद म्हणून निवडलेली मुले, दोघांच्या डोक्यांची मापे घेतली. फरक निघाला तो मिलिमीटरच्या घरातला. बिने यांनी हे प्रामाणिकपणे छापले, आणि वर असेही लिहिले की, हे मूल मंद आहे असे आधी कळले असता आपलीच पट्टी नकळत थोडी कमी वाचण्याचा धोका आहे. साल्पेत्रिएरचा धडा तो हाच! कवटी मोजून मुलाची पारख होणार नाही, हे त्यांच्यापुरते ठरले.

आता १९०४ साल. फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने सहा ते तेरा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षण सक्तीचे झाले होते. पूर्वी जी मुले शाळेचे तोंड पाहत नसत तीही वर्गात येऊन बसली. त्यांतील काही मुले काही केल्या पुढे जात नसत. या मुलांचे काय करावे, हे ठरविण्यासाठी शिक्षणमंत्र्यांनी एक समिती नेमली आणि बिने तिचे सभासद झाले. अशा मुलांसाठी वेगळे वर्ग काढावे, यावर साधारण एकमत होते. पण कोणते मूल तेथे पाठवावयाचे, हे कोणी ठरवावे? शिक्षकाने म्हणावे, तर त्रास देणारे मूल वर्गातून घालविण्याची सोय त्याला आयतीच मिळते. डॉक्टरांनी म्हणावे, तर एकाच मुलावर एक डॉक्टर एक शिक्का मारी आणि दुसरा दुसराच. असे दाखले बिने यांनी समोर ठेवले. चुकून वेगळ्या वर्गात गेलेल्या मुलाच्या कपाळी तो डाग जन्मभर राहील, याची त्यांना खरी चिंता होती. बुद्धी मोजण्याची खटपट त्यांनी केली ती या चिंतेपोटी. मूल बाहेर काढणे सोपे व्हावे हा हेतू मुळीच नव्हता, उलट ते कोणाच्या लहरीवर होऊ नये, हा होता.

या कामात त्यांना तरुण डॉक्टर थिओडोर सिमाँ यांची साथ मिळाली. १९०५ साली दोघांनी तीस प्रश्नांची एक श्रेणी प्रसिद्ध केली. पहिले काम इतके सोपे की, जळती काडी समोरून फिरविली असता मूल तिच्याकडे डोळे वळविते की नाही एवढेच पाहावयाचे. मग वस्तू हातात धरणे, चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतला फरक ओळखणे, चित्रातील वस्तू दाखविणे, तीन आकडे ऐकून पुन्हा म्हणणे, दोन वजनांतले जड कोणते ते सांगणे. अशी पायरी चढत चढत शेवटी कागदाची घडी घालून त्यात कातरीने काप दिला तर उलगडल्यावर कसा दिसेल, अशा प्रश्नांपर्यंत. शाळेतील पाठांतर यात विचारलेले नव्हते. ज्या मुलाला शाळाच नीट मिळाली नाही त्याला शाळेच्या ज्ञानावरून मंद ठरविणे अन्यायाचे, हे उघड आहे.

१९०८ साली ही श्रेणी तीन ते तेरा वर्षे अशा वयांप्रमाणे लावली गेली. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावे, पाच वर्षांच्याने चौकोन पाहून काढावा, नऊ वर्षांच्याने वीस सूंचे नाणे घेऊन उरलेली मोड बरोबर परत द्यावी. कोणत्या वयाची बहुतेक मुले काय करू शकतात ते शेकडो मुलांना प्रत्यक्ष विचारून ठरविले होते. आठ वर्षांचे मूल सहा वर्षांच्या मुलांइतकीच उत्तरे देऊ लागले, तर त्याची मानसिक पातळी सहा वर्षांची, असे म्हणावयाचे. दुसरी दुरुस्ती १९११ साली झाली.

चाचणी कशी घ्यावी याविषयीच्या त्यांच्या सूचना तर प्रत्येक शिक्षकाने वाचाव्या अशा आहेत. खोली शांत असावी. मुलाचे स्वागत आपुलकीने करावे, ते बुजले असेल तर आधी धीर द्यावा. त्याला उत्तेजन द्यावे, पण उत्तर सुचवू नये, चेहऱ्यावरून वा आवाजावरूनही नाही. नुसती बेरीज करून मोकळे होऊ नये, मूल उत्तर कसे देते तेही पाहावे.

आणि निकालाचा अर्थ? तो आजपुरता, एवढेच बिने म्हणत. मूल मागे आहे हे कळले, तर का मागे आहे हे शोधावयाचे. आधी डोळे आणि कान तपासावे. फळा न दिसणारे मूल आळशी ठरते, ही गोष्ट त्यांनी आग्रहाने मांडली, आणि शिक्षकाला स्वतः दृष्टी तपासता यावी यासाठी अक्षरांचा तक्ताही तयार केला. परिस्थितीचाही विचार करावा. १९१० साली ब्रुसेल्समधील दक्रोली आणि देगाँ यांनी सुखवस्तू घरांतील मुलांना हीच चाचणी दिली, तेव्हा ती मुले पॅरिसच्या मुलांपेक्षा सुमारे दीड वर्षाने पुढे निघाली. बिने यांची पॅरिसची मुले गरीब वस्तीतील होती. त्यांनी या फरकाची नीट छाननी केली आणि सांगितले की, जेथे भाषेचा प्रश्न येतो तेथे श्रीमंत घरांतील मुले विशेष पुढे जातात, कारण घरातले बोलणेच तसे असते.

पॅरिसमधील ग्रांज-ओ-बेल या रस्त्यावर, कामकरी लोकांच्या वस्तीतील एका प्राथमिक शाळेत, १९०५ पासून बिने यांची एक छोटी प्रयोगशाळा होती. शाळेचे प्रमुख व्हाने हे त्यांचे सहकारी. शिक्षक तेथे आपल्या अडचणीच्या मुलांना घेऊन येत. सोरबोनची प्रयोगशाळा मोठी खरी, पण बिने यांचे मन अखेरच्या वर्षांत या शाळेतच रमले असावे.

१९०९ साली दोन गोष्टी झाल्या. १५ एप्रिलच्या कायद्याने फ्रान्समध्ये मागे पडलेल्या मुलांसाठी खास वर्गांना मान्यता मिळाली, आणि बिने यांचा मुलांविषयीच्या नव्या विचारांवरील ग्रंथ बाहेर पडला. त्या परीक्षकाची हकिकत याच ग्रंथात आहे. बुद्धी ही ठरलेली आहे, ती वाढविता येत नाही, असे म्हणणाऱ्या विद्वानांवर त्यांनी येथे कडक टीका केली. असा निराशावाद क्रूर आहे आणि त्याला कसलाही आधार नाही, असे त्यांचे म्हणणे. वाकडे हाडही व्यायामाने सुधारते, मग लक्ष, स्मरण, विचार यांना व्यायाम का नको? खास वर्गांतील मुलांना त्यांनी अक्षरांच्या आधी हे व्यायाम दिले. शिक्षकाने इशारा करताच सर्वांनी पुतळ्यासारखे स्तब्ध राहावयाचे, काठोकाठ भरलेले पाण्याचे भांडे थेंब न सांडता न्यावयाचे, पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या वस्तू काही सेकंद पाहून आठवणीने सांगावयाच्या. दिसावयास हा खेळ. पण जे मूल एक मिनिटही शांत बसत नाही त्याला आधी बसावयास आणि ऐकावयास शिकविले पाहिजे, एरवी गणित कोणाला शिकविणार? मुले वर्षभरात पुढे गेल्याचे त्यांना दिसले आणि त्यांनी ते समाधानाने लिहून ठेवले.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी, बिने वारले.

त्यानंतरची कथा त्यांच्या हातात नव्हती. १९१२ साली जर्मनीतील विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची युक्ती काढली. अमेरिकेतील टर्मन यांनी १९१६ च्या आपल्या आवृत्तीत त्या भागाकाराला शंभराने गुणले, आणि बुद्ध्यंक जन्मला. आठ वर्षांच्या आणि सहाची पातळी असलेल्या मुलाचे आता ७५ झाले. वर्षांचा हिशेब होता तोवर मूल दोन वर्षे मागे आहे, म्हणजे गाठू शकेल, असे वाटण्यास जागा होती. ७५ म्हटले की जणू रक्तगटच! ही चाचणी अमेरिकेत नेणारे गॉडार्ड यांचा बुद्धी आनुवंशिक आणि अचल आहे यावर ठाम विश्वास होता. त्यांनी न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरलेल्या, भाषा न कळणाऱ्या, प्रवासाने थकलेल्या परदेशी माणसांना असे प्रश्न विचारविले आणि त्यांतील फार मोठा भाग मंदबुद्धी ठरविला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातील सतरा लाखांवर माणसांची बुद्धी घाऊकपणे तपासली गेली. शांत खोली आणि आपुलकीचे स्वागत कुठल्या कुठे राहिले.

आपल्याकडे लाहोरच्या हर्बर्ट राइस यांनी या चाचणीचे हिंदुस्थानी रूप केले, ते १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई-कर्नाटक आवृत्ती तयार केली आणि १९४० साली त्यावर भारतीय मुलांच्या बुद्धिमापनाचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. नुसते भाषांतर पुरत नाही, इथल्या मुलांना विचारून कोणता प्रश्न कोणत्या वयाचा ते नव्याने ठरवावे लागते, हे कामतांनी ओळखले होते. आपल्या पालकांनी येथे थोडे थांबावे. घरी उर्दू, दखनी किंवा कोकणी बोलणारे आणि शाळेत मराठीत वा इंग्रजीत शिकणारे मूल चाचणीला बसते, तेव्हा ती कोणत्या भाषेत घेतली, हे विचारण्याचा पालकांना पुरा हक्क आहे. डोळे-कान तपासले का, हेही विचारावे. कागदावरील आकड्याखाली पुढे काय करावयाचे ते लिहिलेले नसेल, तर ते मागून घ्यावे.

बिने यांचे जोडीदार सिमाँ हे सारे पाहावयास हयात होते. त्यांना दीर्घ आयुष्य लाभले, ते १९६१ साली वारले. मुलांच्या अभ्यासासाठी चाललेल्या ज्या संस्थेचे बिने अध्यक्ष होते तिला १९१७ साली बिने यांचेच नाव देण्यात आले आणि सिमाँ यांनी तिचे काम पुढे चालू ठेवले. साऱ्या जगात बुद्ध्यंकाचा बोलबाला झाल्यावरही त्यांचे मत बदलले नाही. बुद्ध्यंक म्हणजे आपण दोघांनी ज्या हेतूने श्रेणी केली त्या हेतूशी झालेली फसवणूक आहे, असे ते म्हातारपणीही सांगत असत.